धुऱ्यावरची फुलोरी, टाकीवरचं आग्या मोहोळ

कपाशीचं संकरित बियाणं माणसाच्या बोटांतून तयार होतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर खुडून टाकायचे, खूण बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून उघड्या कुक्षीवर हलकेच फिरवायचं. हे काम कळीकळीनं चालतं आणि बहुतेक ठिकाणी बायकाच ते करतात. १९७० साली सुरतच्या केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला, तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. ती परवडते, कारण एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात.

तुरीच्या शेंगेत दाणे असतात तीन-चार. तेवढ्यासाठी एकेका फुलाशी बसायला मजूर कुठून आणणार? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं नव्वदच्या दशकात तुरीचे संकरित वाण काढले, तेव्हा हा प्रश्न नर-वंध्य झाडांनी सोडवला. ज्यांच्या फुलात पराग धरतच नाही अशी झाडं मादी म्हणून ओळीनं लावायची आणि शेजारी नर वाणाच्या ओळी ठेवायच्या. तुरीचा पराग चिकट, वाऱ्यानं उडणारा नव्हे. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत तो नेते माशी. हे वाण पुढे मागे पडले, पण दोष माशीचा नव्हता. मादी ओळीतली निम्मी झाडं परागवाली निघत, ती ऐन फुलोऱ्यात तपासून उपटावी लागत आणि त्या मजुरीनं बियाणं महाग होई. माणसाच्या कामाला पैसे पडत होते, माशीच्या कामाला एक रुपयाही नाही.

हे काम वऱ्हाडातल्या शेतीच्या जमाखर्चात कुठेच लिहिलं जात नाही. बियाणं, खत, फवारा, मजुरी, सगळ्याला रकाना आहे; माशीला नाही. आणि मधमाशीपालनाचा विषय निघाला की बोलणं थेट पेटीवर, अनुदानावर आणि मधाच्या बाटलीवर येतं. अमरावती-अकोल्यात या विषयाची सुरुवात पेटीपासून करणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. इथे आधी माशी ओळखावी लागते, तिचा फुलोरा आणि तिचा उन्हाळा समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या सगळ्यांत मोठी, झाडाच्या उंच फांदीला किंवा कड्याला एकच प्रचंड पोळं उघड्यावर टांगणारी. फुलोरी सगळ्यांत लहान, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी, तीही उघड्यावरच. सातपुडी, जिला काही भागांत सातेरी म्हणतात, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकापुढे एक अशी सात-आठ समांतर पोळी बांधते. चौथी मेलिफेरा ही परदेशी. १९६० च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा इथे ती भारतात पहिल्यांदा नीट रुजली. शिवाय डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी आहे, आणि तुरीवर हटकून दिसणारी, पोटाखाली पराग चोपडून नेणारी एकांडी पानकापी माशीही आहे. ती साठवणीचा मध करत नाही, पण तुरीसाठी तिचं मोल मोठं.

फुलोरीकडे कुणी फार लक्ष देत नाही, कारण तिच्या पोळ्यात पाव-अर्धा किलोच मध असतो. पण मधमाशीचं शास्त्र शिकायचं तर तिच्यासारखी गुरू नाही. धुऱ्यावरच्या लिंबाच्या झाडात, छातीच्या उंचीवर, बोटाएवढ्या जाड फांदीला लटकलेलं फुलोरीचं पोळं मी जवळून पाहिलं आहे. हालचाल सावकाश ठेवली आणि पोळ्याला धक्का लावला नाही, तर हातभर अंतरावरूनही ती तुम्हाला बसू देते. फांदीच्या दोन्ही बाजूंना, पोळ्यापासून थोड्या अंतरावर, डिंकासारख्या चिकट द्रव्याचा एकेक पट्टा लिंपलेला होता. मुंगळा चालत आला, पट्ट्यापाशी थबकला, मिशा हलवून परत फिरला. पोळं फांदीला वरून वेढून घेतं, त्यामुळे त्याच्या माथ्यावर एक सपाट ओटा तयार होतो. पायांवर पिवळे गोळे लादलेली एक माशी तिथे उतरली आणि शेपूट थरथरवत सरळ रेषेत दोन-अडीच सेंटिमीटर गेली, वळून पहिल्या जागी आली, पुन्हा त्याच दिशेनं थरथरत गेली. चार-पाच जणी तिच्या मागेमागे. ती ज्या दिशेला तोंड करून जात होती तिकडे, बांधापलीकडे, कोथिंबिरीचं बियाण्याला सोडलेलं वावर पांढरं झालं होतं.

या नाचाचा अर्थ ऑस्ट्रियाच्या कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला आणि त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांचा अभ्यास अंधाऱ्या पेटीतल्या, उभ्या पोळ्यावर नाचणाऱ्या माशीचा होता. तिथे सूर्याची दिशा म्हणजे सरळ वर असं धरून ती कोन दाखवते; सूर्याच्या उजवीकडे साठ अंशांवर फुलं असतील तर उभ्या रेषेपासून उजवीकडे साठ अंश कलून थरथरते, आणि थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. फुलोरी मात्र आकाशाखाली आडव्या ओट्यावर नाचते आणि फुलांकडे थेट बोट दाखवते. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना हे पाहायला १९५० च्या दशकात श्रीलंकेला यावं लागलं होतं. वऱ्हाडातल्या शाळकरी पोराला ते लिंबाच्या झाडाखाली दिसू शकतं, जर धुऱ्यावर लिंबाचं झाड राहिलं असेल तर.

पेटीत राहायला तयार होते ती अंधारात घर करणारी माशी: सातपुडी आणि मेलिफेरा. आग्या आणि फुलोरीला कितीही चांगली पेटी दिली तरी त्या राहणार नाहीत. उघड्यावरचं एकच पोळं हा त्यांचा स्वभाव आहे. आधुनिक पेटीचं मर्म एका अंतरात आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या १८५१ साली लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटरची वाट असली तर माश्या ती मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट डिंकानं बुजवतात, रुंद असेल तर तिथे आणखी पोळं बांधतात. ही वाट सांभाळून चौकटी टांगल्या की त्या कधीही उचलून पाहता येतात, मध काढून परत ठेवता येतात, पोळं तोडावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात काम करणाऱ्या फादर न्यूटन यांनी सातपुडीच्या आकाराला बेतून लहान पेटी केली. न्यूटन पेटी म्हणून ती आजही चालते. खाली पिल्लांचा कप्पा, वर मधाचा कप्पा. खालच्या कप्प्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

खालच्या कप्प्यात जे चालतं ते मला दर वेळी थक्क करतं. राणी एकच. उमलल्यानंतरच्या दिवसांत ती हवेत उडून अनेक नरांशी मीलन करते आणि तेवढ्या बीजावर आयुष्यभर अंडी घालते. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला बापच नसतो. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. फरक पडतो जेवणानं. पहिले तीनेक दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारं दुधाळ राजान्न मिळतं. कामकरीचं ते पुढे बंद होऊन पराग-मध सुरू होतो, राणीला ते शेवटपर्यंत चालू राहतं. मेलिफेरात राणी सोळा दिवसांत बाहेर येते, कामकरी एकवीस, नर चोवीस. बाहेर आलेली कामकरी आधी घरं साफ करते, मग अळ्या भरवते, मग पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पापुद्रे काढून पोळं बांधते, दारावर पहारा देते आणि तीनेक आठवड्यांची झाली की फुलांवर जाते. ऐन हंगामात सगळं आयुष्य सहा आठवड्यांचं. फुलांवर जाणारी प्रत्येक माशी म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली म्हातारी.

हा कप्पा चौतीस-पस्तीस अंशांवर ठेवावा लागतो. त्यापेक्षा फार वर-खाली झालं तर पिल्लं दगावतात. आणि अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. तेव्हा शेकडो कामकरी माश्या पाणी आणण्याच्या कामाला लागतात. पाण्याचे थेंब पोळ्यावर पसरायचे, दाराशी ओळीनं उभं राहून पंखांनी वारा घालायचा, बाष्प बाहेर काढायचं. तापलेलं मेण मऊ पडतं, मधानं जड झालेलं पोळं खचतं. तुमच्या-आमच्या खिडकीतला कूलर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याला पंपानं पाणी मिळतं आणि माशीला ते कदाचित एक किलोमीटरवरून आणावं लागतं. विहीर आटली, नाला कोरडा, धुऱ्यावर फूल नाही, अशा वेळी सातपुडी एक दिवस सगळी वसाहत घेऊन निघून जाते. पेटी देणारे याला गृहत्याग म्हणतात आणि दोष माशीला देतात. उन्हाळा तोंडावर असताना पेटी आणून उघड्या शेडवर ठेवली तर दुसरं काय होणार?

म्हणून पेटीला वऱ्हाडाचं पंचांग लागतं. पावसाळ्यात फुलं असतात पण पावसानं मकरंद धुतला जातो. हे उपासाचे दिवस, साखरपाणी द्यावं लागतं. ज्वारी-मक्याचा पराग भल्या पहाटे मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोरीला फुलं येतात, कपाशी चालू असते. नोव्हेंबर-डिसेंबर तुरीचे. जानेवारी-फेब्रुवारीत कोथिंबीर, करडई, आणि वरूड-मोर्शी-अचलपूरकडे संत्र्याचा आंबिया बहार. त्या दिवसांत बागांमधून संध्याकाळी नुसतं चाललं तरी अंगाला वास लागतो. मग पळस, सावर, मार्चमध्ये कडुनिंब, डोंगराकडे मोह आणि जांभूळ, शेवटी करंज. त्यानंतर मैदानात जवळजवळ काही नाही. ज्याला पेटी ठेवायची त्यानं ती दिवाळीच्या सुमारास, तुरीच्या कळ्या धरताना आणावी, तोंड पूर्वेला करून ठेवावी, पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत म्हणजे मुंगळे चढत नाहीत. एप्रिलपासून दाट कडुनिंबाची सावली, ओलं पोतं, आणि खडे टाकलेलं उथळ पाण्याचं भांडं, म्हणजे माशी बुडणार नाही. चिखलदऱ्याकडे, अकराशे मीटर उंचीवर, हाच उन्हाळा सुसह्य असतो. तिथलं गणित वेगळं.

पेटीची गरज सगळ्यांत उघड दिसते ती कांद्याच्या बीजोत्पादनात. पातूर-बाळापूरकडच्या ओलिताच्या वावरात फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंगळ्यांवर पांढरे गोंडे डोलतात. एका गोंड्यात शेकडो फुलं. पण प्रत्येक फुलातला पराग आधी सांडतो आणि त्याच फुलाची कुक्षी दोन-तीन दिवसांनी तयार होते. स्वतःचा पराग स्वतःच्या कामाला येत नाही. कुणी तरी दुसऱ्या फुलावरून आणून द्यावा लागतो. त्यात कांद्याच्या मकरंदात पालाश जास्त, त्यामुळे शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली तर माशी तिकडे वळते. शेतकरी गुळाचं पाणी फवारून तिला बोलावतात. खरा उपाय पेट्या आणणं हाच; हेक्टरी चार-पाच पेट्या, आणि त्याही थोडं पीक फुलल्यावर. आधी आणल्या तर माशी दुसऱ्या फुलांची चटक लावून घेते. इथे मधाचा पैसा दुय्यम आहे. बीजोत्पादकानं पेटीवाल्याला भाडं द्यावं आणि ते खर्चाच्या वहीत लिहावं.

मात्र वऱ्हाडात सर्वांत जास्त काम करते ती आग्या, जिला पेटी नको, भाडं नको. ती दूरवर फिरते, आणि चांदण्या रात्रीही फुलांवर जाते. मेळघाटातले मध काढणारे अंधाऱ्या रात्री निवडतात त्यामागे हेच आहे: अंधारात उठवलेली आग्या मशालीच्या पडत्या ठिणग्यांमागे खाली जाते आणि परत वर येऊ शकत नाही. पोळं हाती लागतं, पण माश्या भाजतात, पिल्लं चिरडतात, राणी जाते. आणि चैत्र-वैशाखात, पायाखाली सागाचा वाळलेला पाला असताना, एका ठिणगीनं डोंगर पेटतो.

आग्या मोहोळाची रचना पाहिली तर जाळण्याची गरजच नाही हे कळतं. पोळं चांगलं मीटरभर रुंद असतं, पण मध सगळीकडे नसतो. फांदीलगतच्या एका कोपऱ्यात तो जाड फुगवट्यासारखा साठवलेला असतो. बाकीचा पातळ भाग पिल्लांचा. वर्ध्याजवळ दत्तपूर इथलं सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस, जे डॉ. देवेंद्र कुमार यांनी १९७६ साली उभं केलं, त्यानं याच गोष्टीवर अहिंसक मधसंकलनाची पद्धत बसवली आणि आदिवासी मधसंकलकांना शिकवली. अंगभर पोशाख, दोर, थोडा धूर, आणि फक्त मधाचा कोपरा कापून घ्यायचा. माश्या पिल्लं सोडून जात नाहीत, कोपरा पुन्हा भरतात, आणि फुलोरा असला तर त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळतो. पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस उतरतो आणि तो आंबतो. कापून गाळलेला मध टिकतो, भाव घेतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मध आणि मेण ही गौण वनोपज म्हणून गावाच्या हक्काची केली आहेत. मोहोळ जिवंत ठेवण्यात आता गावाचा सरळ फायदा आहे.

महाबळेश्वरजवळचं मांघर १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या त्याच योजनेत चिखलदरा तालुक्यातल्या आमझरीची निवड झाली. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त महाबळेश्वरचं जसंच्या तसं इथे उतरवू नये. तिथे सातेरीचा जुना पेटीचा व्यवसाय आहे. १९४६ पासूनची संस्था पाठीशी आहे. मेळघाटात कोरकूंचं ज्ञान आग्या मोहोळाचं आहे. कुठल्या अंजनावर, कुठल्या कड्यावर दर वर्षी मोहोळं बसतात ते त्यांना ठाऊक असतं. आग्या फुलांमागे स्थलांतर करते आणि काही महिन्यांनी परतते. ईशान्य भारतात जनुकीय तपासणीतून दिसलं आहे की परतणाऱ्या वसाहती नेमक्या आपल्या जुन्या जागी येऊन बसतात. ते झाड तोडलं किंवा ती वसाहत जाळली, तर पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आपण कायमचं घालवतो.

मैदानात तिच्यावर दुसरं संकट आहे. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते ती फुलोऱ्यातच, आणि फवारणीही तेव्हाच होते. सकाळी नऊ ते दुपारपर्यंत माशी फुलांवर असते, आणि फवाराही त्याच वेळी पाठीवर चढतो. विष माशीला जागेवर मारतं किंवा वाट विसरायला लावतं. युरोपनं इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला. आपल्याकडे रस शोषणाऱ्या किडींसाठी ती सर्रास वापरली जातात. हा प्रश्न माशीपुरता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. जे विष माणसाला वाचू देत नाही त्यापुढे वीस-पंचवीस मिलिग्रॅम वजनाच्या फुलोरीचं काय चालणार? कळी अवस्थेत पाच टक्के निंबोळी अर्क, पक्षी बसायला वावरात मचाण, आणि रासायनिक फवारणी करावीच लागली तर ती सूर्य कलल्यावर, माश्या घरी गेल्यावर, एवढं पाळलं तरी फार काही वाचतं.

आणि धुरा. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनचं फूल स्वतःच फळतं, माशीला तिथे फारसं काम नाही. पूर्वी धुऱ्यावर बोर, बाभूळ, निंब, करंज असायचा, खाली दगडीपाला, तरवड, कुरडू फुलायचं. आता सावली पडते म्हणून झाड तोडतात आणि तणनाशकानं धुरा भाजून काढतात. खारपाणपट्ट्यात, जिथे खालचं पाणी पिकाला चालत नाही आणि खरिपानंतर वावर मोकळं पडतं, तिथे धुऱ्यावरची बोर-बाभूळ एवढाच माशीचा शिधा असतो.

फुलोरा सुरू झाला की अनेक गावांत पाण्याच्या टाकीखाली, शाळेच्या छज्ज्याला, पिंपळाच्या फांदीला आग्या मोहोळं लागायला लागतात. लोक घाबरतात, आणि भीती खोटी नाही. आग्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. एकीनं डंख मारला की त्याचा केळ्यासारखा वास इतरांना त्याच जागी बोलावतो. अशा वेळी हात झाडत उभं राहू नये. तोंड झाकून घरात किंवा गाडीत शिरावं, डंख नखानं खरवडून काढावा, धाप लागली तर तडक दवाखाना गाठावा. पण मोहोळावर दगड, धूर, फटाका किंवा घार आली नाही तर ते आपणहून अंगावर येत नाही. ग्रामपंचायतीनं टाकीखालची वाट दोर बांधून बंद करावी, शाळेजवळ फलक लावावा, टाकीची रंगरंगोटी पुढे ढकलावी. पोळं जाळण्याचं कंत्राट देऊ नये. शाळेच्या दारावरच बसलं असेल तर जाणकार बोलावून ते न मारता उठवता येतं. पुण्यात अमित गोडसे यांनी इमारतींवरची मोहोळं वाचवण्याचं काम उभं करून ते दाखवलं आहे. फुलोरा संपला की आग्या आपली आपण निघून जाते. मागे राहिलेलं रिकामं पोळं काठीनं पाडावं, गरम पाण्यात वितळवावं, कापडातून गाळावं. शुद्ध मेण निघतं आणि त्याला मधाइतकाच, कधी त्याहून चांगला भाव येतो.